अल्प भांडवलातील परस्परसाह्याचा उद्योग

गेल्या हंगामात कळसाडी येथे चावडीजवळ काही शेतकरी कुटुंबांशी बोलणे चालले असता एका वयस्कर भगिनीने विचारले, "साहेब, चैत्र-वैशाखात आम्ही दहाजणी मिळून एकमेकींच्या घरचे पापड, कुरडया आणि बिबडे करतो. माझे पापड सुरतेला राहणाऱ्या मुलाकडे जातात. त्याचे शेजारी दरवर्षी 'आम्हालाही पाठवा' म्हणतात. या मागणीचा आम्हाला काही उपयोग करून घेता येईल काय? मात्र आमच्याजवळ पैसा नाही."

प्रश्न साधा दिसला तरी त्यात उद्योगाची तीनही अंगे आली आहेत. दहाजणींचे एकमेकींस साह्य हे पहिले अंग. हातातील कसब हे दुसरे. दूर गावी राहणारा, परंतु मालाची चव ओळखणारा ग्राहक हे तिसरे. उणीव आहे ती पैशाची, आणि त्याहूनही अधिक व्यवस्थेची. ही व्यवस्था थोडक्या खर्चात कशी उभी करावी, मोबाईल फोनचा त्यात कितपत उपयोग होतो आणि कोठे सावध राहावे, याचे विवेचन ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी कुटुंबे यांच्यासाठी पुढे केले आहे.

थोड्या पैशातून उभे राहिलेले उद्योग

भांडवल थोडे असले की उद्योग होत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो सर्वस्वी खरा नाही. इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणीच्या गावी २८ जणांनी, ज्यांत विणकर बरेच होते, दर माणशी एक पौंड याप्रमाणे २८ पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी एक लहानसे दुकान उघडले. दुकानात लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ व मेणबत्त्या एवढाच माल होता. परंतु शुद्ध माल, पुरे वजन, रोखीचा व्यवहार, दर सभासदास एक मत आणि खरेदीच्या प्रमाणात लाभांश हे त्यांचे नियम पक्के होते. जगभरच्या सहकारी चळवळीने पुढे हेच नियम आधारभूत मानले.

आपल्या राज्यातील उदाहरण याहून जवळचे आहे. मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनी पापड लाटावयास बसल्या. त्यांचे भांडवल ८० रुपयांचे होते व तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरातील एका व्यापाऱ्यास विकली गेली. आज सर्वांस परिचित असलेला 'लिज्जत पापड' तो हाच. या उद्योगाच्या संस्थापक भगिनींपैकी श्रीमती जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री किताब मिळाला. आज ४५ हजारांहून अधिक भगिनी या संस्थेत काम करतात.

या उदाहरणातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, त्यांनी देणगी व वर्गणी न स्वीकारण्याचे ठरविले. तोटा आला तरी तो स्वतः सोसावयाचा व नफा झाला तर तोही आपसातच वाटावयाचा, असा त्यांचा निर्णय होता. दुसरी, आरंभी त्यांनी एक उत्तम व एक स्वस्त असे दोन प्रकारचे पापड काढले होते. मार्गदर्शकांनी गुणवत्तेत तडजोड न करण्याचा सल्ला दिला व तो त्यांनी मानला. तिसरी गोष्ट आपल्या कामाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाटेखाली स्टोव्ह ठेवावयाचा. मोठे यंत्र घेण्यास पैसा नसेल तर अडचण नेमकी कोठे आहे हे ओळखून तेवढ्यापुरताच खर्च करावा, हा धडा या खाटेत आहे.

प्रथम गट, नंतर ग्राहक

मोबाईलवर ग्राहक मिळविणे आज अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते गट टिकविणे. म्हणून आरंभ गटापासूनच करावा. दहा ते वीस सभासदांचा बचत गट ही आपल्याकडे रुळलेली रीत आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. बँकांशी बचत गट जोडण्याचा राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचा, म्हणजे नाबार्डचा, कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला. आपल्या राज्यातील 'उमेद' अभियान २०११ सालचे आहे. या सर्व कामात 'पंचसूत्री' म्हणून ओळखले जाणारे पाच नियम अनुभवास उतरले आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, गटांतर्गत नियमित कर्जवाटप, कर्जाची नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन हे ते नियम होत.

गावात असा गट अगोदरच असेल तर नवा गट काढण्याची आवश्यकता नाही. नसेल तर निदान तीन महिने केवळ बैठक व बचत चालवावी आणि मगच उद्योगास हात घालावा. या तीन महिन्यांत कोण वेळेवर येते, कोणास लिहिता-वाचता येते, कोणाच्या हातास चव आहे आणि कोणाचा हिशेब चोख आहे, हे आपोआप कळून येते. कामाची वाटणी त्यावरून करावी. हिशेब एकीकडे, मालाची तपासणी दुसरीकडे व ग्राहकांशी बोलणे तिसरीकडे असावे. तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे गेली तर ती थकते, व ती थकली की गटही थांबतो.

परस्परसाह्य याचा अर्थ केवळ एकत्र लाटणे असा नव्हे. एखादी भगिनी आजारी पडली, कोणाच्या घरी बाळंतपण आले अथवा पेरणीच्या दिवसांत कोणास येता आले नाही, तर तिचे काम इतरांनी उचलावे व तिने ते पुढे फेडावे. ही फेड वहीत मांडून ठेवावी. न मांडलेले उपकार वर्षअखेर कुरबुरीचे कारण होतात.

हिशेबाची रीत

आता पैशाचा प्रश्न घेऊ. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपापल्या बाजारभावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

दहा सभासदांनी दरमहा २०० रुपये याप्रमाणे तीन महिने बचत केली तर ६,००० रुपये जमतात. समजा, पहिल्या खेपेस ४० किलो बिबडे व पापड करावयाचे आहेत. ज्वारी, उडीद, तीळ, मिरची, लसूण, मीठ इत्यादी कच्च्या मालास ४,००० रुपये, दळण व सरपण यांस ६०० रुपये, पिशव्या व चिठ्ठ्या यांस ४०० रुपये आणि वाहतुकीस १,००० रुपये लागले, तर रोख खर्च ६,००० रुपये होतो. तुटफूट व नमुने यांत २ किलो माल गेला असे धरल्यास विक्रीस ३८ किलो उरतो.

येथेच बहुतेक गटांची फसगत होते. ६,००० रुपयांस ३८ ने भागले की किलोस सुमारे १५८ रुपये येतात. "आपण २०० रुपयांस विकू, म्हणजे नफा झाला," असे म्हणून माल विकला जातो. ७,६०० रुपये येतात व १,६०० रुपये 'नफा' दिसतो. परंतु दहाजणींनी दोन दिवस काम केले, म्हणजे वीस दिवसांची मजुरी झाली. १,६०० रुपयांस वीसने भागले तर एका दिवसास ८० रुपये पडतात. उन्हात बसून, हात भाजून, दिवसाचे ८० रुपये! हा नफा नसून आपल्याच श्रमाचा तोटा होय.

म्हणून मजुरी प्रथम धरावी. दिवसास २०० रुपये धरल्यास वीस दिवसांचे ४,००० रुपये होतात व एकूण खर्च १०,००० रुपयांवर जातो. किलोस सुमारे २६३ रुपये पडतात. ३०० रुपये भाव ठेवल्यास ११,४०० रुपये येतील. त्यांतून ६,००० रुपये पुढील खेपेसाठी बाजूस ठेवावेत, ४,००० रुपये मजुरी म्हणून वाटावेत आणि उरलेले १,४०० रुपये गटाच्या गंगाजळीत जमा करावेत. मजुरी माल विकल्यावर द्यावयाची असल्याने आरंभी रोख ६,००० रुपयेच पुरतात. येथे २०० रुपये मजुरी केवळ उदाहरणादाखल घेतली आहे. गावात शेतमजुरीचा जो दर चालू असेल तो गटाने धरावा व भाव त्याप्रमाणे ठरवावा. एवढ्या भावास ग्राहक मिळत नसेल तर त्या मालाचा उद्योग करू नये, दुसरा माल पाहावा.

मोबाईलवरील ग्राहकमंडळ

खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरत, नाशिक, पुणे, मुंबई येथे स्थायिक झाली आहेत. बिबड्यांची चव, कळण्याच्या भाकरीचे पीठ, नंदुरबारची मिरची, सातपुड्याच्या डोंगरातील आमचूर यांचे मोल त्यांस सांगावे लागत नाही. ही कुटुंबे विखुरलेली असली तरी मोबाईलवर एकत्र येऊ शकतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा याचा प्रत्यय आला. बाजार विस्कळीत झाले असता शेतकरी गटांनी मोबाईलवर मागणी नोंदवून घेतली व पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या दारात भाजीपाला पोहोचविला. त्यांतील जे गट पुढेही टिकले त्यांनी मालाची प्रत व वेळ सांभाळली. जे केवळ अडचणीच्या काळापुरते आले त्यांचे ग्राहक बाजार उघडताच पांगले.

असे ग्राहकमंडळ उभारण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. व्हॉट्सॲपची व्यवसायासाठी असलेली आवृत्ती विनामूल्य मिळते व तीत मालाची छायाचित्रे भावासह मांडून ठेवता येतात. मात्र पुढील पथ्ये पाळावीत.

१. गटासाठी स्वतंत्र मोबाईल क्रमांक घ्यावा. तो सभासद भगिनीच्या नावे असावा व त्याची नोंद गटाच्या वहीत करावी.

२. कोणासही त्याच्या संमतीवाचून मंडळात घेऊ नये. आरंभी वीस-तीस ओळखीची कुटुंबे पुरेत. हजार अनोळखी नावांपेक्षा तीस विश्वासू घरे अधिक उपयोगी पडतात.

३. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी निवेदन द्यावे. या आठवड्यात काय तयार आहे, किती आहे, भाव काय, कधी पोहोचेल, एवढेच त्यात असावे. राजकारण, जातपात, ऐकीव औषधोपचार व सणावारांच्या शुभेच्छांचे ढीग यांस मंडळात थारा देऊ नये.

४. मागणी आगाऊ नोंदवून घ्यावी. तीस घरांनी महिनाभर आधी मागणी नोंदविली व निम्मी रक्कम दिली तर कच्च्या मालासाठी कर्ज काढावे लागत नाही. ग्राहकाचा विश्वास हेच येथे भांडवल होते. म्हणून जेवढे करणे शक्य आहे तेवढीच मागणी घ्यावी.

५. तक्रार आल्यास ती लपवू नये. ज्या मंडळात तक्रार आली तेथेच उत्तर द्यावे व माल बदलून द्यावा.

६. ग्राहकासही मंडळात काही काम द्यावे. एखाद्या वसाहतीतील एका कुटुंबाने सर्वांचा माल एकत्र उतरवून घेतला तर वाहतूक निम्म्यावर येते. त्या कुटुंबास गटाने वर्षातून एकदा किलोभर बिबडे भेट द्यावेत.

डोंगरातील कित्येक पाड्यांवर फोनची रेंज मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तेथील गटाने बाजाराच्या गावी राहणाऱ्या एखाद्या सभासदाकडे मागणी नोंदविण्याचे काम सोपवावे व बाजाराच्या दिवशी यादी घ्यावी. मागणी दर तासाला पाहिलीच पाहिजे असे नाही. ग्राहकास ठरलेला दिवस सांगितला असेल तर तो थांबतो.

पैसे कोणाच्या खात्यात?

माझ्या पाहण्यातील एका गावची हकीकत येथे सांगणे आवश्यक वाटते. तेथील भगिनींचा गट चांगला चालला होता. मिरचीचे तिखट व पापड यांस मागणी येत होती. परंतु फोन एका सभासदाच्या पतीचा होता व पैसेही त्याच्याच खात्यात येत. तो गृहस्थ अप्रामाणिक होता असे म्हणवत नाही. घरात पैशाची निकड लागली तेव्हा त्याने गटाचे पैसे वापरले, पुढे भरू म्हणाला व भरले नाहीत, इतकेच. वहीत काही लिहिलेले नसल्यामुळे कोणाचे किती होते हे कोणासच सांगता येईना. बारा महिन्यांची मेहनत गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे शेजारणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मी त्या गटाच्या तीन बैठकांस हजर होतो, परंतु खाते कोणाचे आहे हे विचारावयाचे माझ्याही मनात आले नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून कोणत्याही गटास मी प्रथम हाच प्रश्न विचारतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही तो विचारावा.

यासाठी खाते गटाच्या नावे बँकेत उघडावे व पैसे काढण्यास दोन सह्या असाव्यात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने ग्राहकाचे पैसे सरळ या खात्यात घेता येतात. येथे दोन गोष्टी पाठ कराव्यात. पैसे घेण्यासाठी गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही. "पैसे पाठवितो, पिन टाका" असे म्हणणारा मनुष्य लबाड होय. दुसरे, पैसे पाठविल्याचे चित्र फोनवर आले म्हणजे पैसे आले असे नव्हे. खात्यात जमा झाल्याची खात्री करून मगच माल पाठवावा. दर बैठकीत वही सर्वांसमोर मोठ्याने वाचावी, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही हिशेब कळतो.

मालाची शुद्धता व कायदा

दूरच्या ग्राहकास माल हाताळून पाहता येत नाही. म्हणून आपली तपासणी अधिक कडक असावी. मिरची उघड्या जमिनीवर वाळत घालू नये, स्वच्छ ताडपत्रीवर घालावी व रात्री दवापासून झाकावी. ओलसर राहिलेल्या मिरचीवर बुरशी चढते व तीत विषारी द्रव्य तयार होण्याचा धोका असतो. अशी मिरची धुऊन अगर दळून सुधारत नाही, ती टाकूनच द्यावी. बिबडे व पापड कडकडीत वाळल्यावर, पूर्ण थंड होऊ देऊनच पिशवीत भरावेत. गरम माल भरल्यास आत दमटपणा धरतो. प्रत्येक खेपेतील एक पिशवी गटाजवळ राखून ठेवावी. तक्रार आल्यास तीच आपला पुरावा होते.

खाद्यपदार्थ विकावयाचे असल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी लागते. लहान उद्योगासाठी तिची रीत सोपी आहे. पिशवीवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, किंमत, गटाचा पत्ता, नोंदणी क्रमांक व शाकाहारी असल्याची हिरवी खूण असावी. अन्नप्रक्रियेच्या लहान उद्योगांसाठी केंद्र शासनाने २०२० साली एक योजना सुरू केली. तीत बचत गटातील सभासदास खेळते भांडवल व लहान अवजारे यांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद होती. अशा योजनांची सद्यःस्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी. परंतु अनुदान मिळेल म्हणून उद्योग काढू नये. चालत्या उद्योगास अनुदानाने वेग येतो, न चालणाऱ्यास ते फार दिवस धरून ठेवू शकत नाही.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गटाचा मालक होऊ नये. पहिल्या सहा महिन्यांत वही कशी लिहावी, भाव कसा काढावा व खाते कसे उघडावे हे शिकवावे आणि हळूहळू मागे सरावे. आपण गैरहजर असता बैठक भरली व हिशेब वाचला गेला, तर काम साधले असे समजावे.

कळसाडीच्या त्या भगिनीस मी एवढेच उत्तर दिले की, मुलाच्या शेजाऱ्यांची नावे व त्यांस किती किलो माल हवा हे प्रथम लिहून घ्या. तिने नातवाकडून फोन लावून घेतला व जागच्या जागी सात घरांची यादी झाली. सात घरे म्हणजे काही फार नव्हेत, परंतु लिज्जतच्या भगिनींनी पहिल्या दिवशी चारच पाकिटे विकली होती. येत्या चैत्रापूर्वी आपल्या गावातही अशी एक यादी व एक वही तयार व्हावी, अशी सर्व शेतकरी बंधुभगिनींस विनंती आहे.